डॉ. तालिमेरेन आओ यांचा व्यवसायनिर्णय : एक ऐतिहासिक विचार

(१)

स्वतंत्र भारताचा पहिला ऑलिंपिक फुटबॉल सामना ३१ जुलै १९४८ रोजी लंडनलगतच्या इलफर्ड येथे, क्रिकलफील्ड मैदानावर, फ्रान्सविरुद्ध झाला. सुमारे १७,००० प्रेक्षकांसमोर झालेल्या या सामन्यात फ्रान्सने पूर्वार्धात एक गोल केला. सत्तराव्या मिनिटाच्या सुमारास सारंगपाणी रामन यांनी बरोबरी साधली. परंतु सामना संपण्यास एखादे मिनिट उरले असता फ्रान्सने पुन्हा गोल केला आणि २–१ असा विजय मिळविला. भारताला मिळालेल्या दोन्ही पेनल्टी किक् वाया गेल्या. भारतीय संघातील बहुसंख्य खेळाडू अनवाणी खेळले, ही गोष्ट इंग्लंडातील प्रेक्षकांना गोलसंख्येपेक्षाही अधिक नवलाची वाटली.

या संघाचे कर्णधार तालिमेरेन आओ हे त्या वेळी तीस वर्षांचे होते. सामन्यापूर्वी दोनच दिवस, २९ जुलै रोजी, वेंब्ली येथील उद्घाटनसमारंभात भारतीय पथकाचा ध्वज त्यांनी वाहिला होता. कलकत्त्याच्या मोहनबागान या विख्यात संघाचे ते आधारस्तंभ होते, आणि त्याच नगरातील एका वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थीही होते. दोनच वर्षांनी, १९५० मध्ये, त्यांनी एम.बी.बी.एस. ही पदवी संपादन केली. पुढे अल्पावधीतच त्यांचा मैदानाशी असलेला संबंध सुटला, आणि उर्वरित सेवाकाल त्यांनी नागा प्रदेशातील शासकीय वैद्यकीय सेवेत घालविला. १९७८ मध्ये ते नागालँड राज्याचे आरोग्यसेवा संचालक म्हणून निवृत्त झाले. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले.

आओ यांच्याविषयी जे लिहिले व सांगितले जाते त्यात एक ठरावीक वाक्य आढळते : त्यांनी वैद्यकीसाठी फुटबॉलचा त्याग केला. हे वाक्य कितपत यथार्थ आहे याची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. प्रश्न एका व्यक्तीच्या चरित्राचा आहे, हे उघडच आहे. तथापि, ज्या प्रदेशांतून हुशार मुले शिक्षणासाठी बाहेर जातात आणि बहुधा परत येत नाहीत, अशा सर्वच प्रदेशांच्या इतिहासाशी तो निगडित आहे. मराठवाडा, आणि त्यातही जालन्यासारखा जिल्हा, हा अशाच प्रदेशांपैकी एक असल्याने येथील अभ्यासकाला या चरित्राकडे केवळ कौतुकाने पाहून चालणार नाही.

(२)

तालिमेरेन आओ यांचा जन्म २८ जानेवारी १९१८ रोजी चांगकी या गावी झाला. हे गाव तत्कालीन आसाम प्रांताच्या नागा हिल्स जिल्ह्यात होते. आज ते नागालँडच्या मोकोकचुंग जिल्ह्यात मोडते. त्यांचे वडील रेव्हरंड सुबोंगवाती हे अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनशी संलग्न धर्मोपदेशक होते. बारा भावंडांत तालिमेरेन हे चौथे. कुटुंबाचे वास्तव्य पुढे इंपूर येथील मिशनच्या आवाराजवळ झाले, आणि तेथेच चिंध्यांच्या चेंडूने त्यांच्या खेळाचा आरंभ झाला.

इंपूर म्हणजे काय हे समजल्याखेरीज आओ यांचे बालपण समजणे कठीण आहे. एडवर्ड क्लार्क या अमेरिकन मिशनऱ्याने १८७२ पासून आओ लोकांत धर्मप्रसारास आरंभ केला, आणि १८९४ मध्ये मिशनचे केंद्र इंपूर येथे आले. चर्च, शाळा, औषधोपचार आणि मुलांना खेळण्यास मोकळी जागा, या सर्व गोष्टी एकाच आवारात नांदत होत्या. आओ भाषेला रोमन लिपी मिळाली तीही मिशनमुळेच. क्लार्क यांचा आओ-नागा शब्दकोश १९११ मध्ये प्रसिद्ध झाला. चुंगली आणि मोंगसेन या आओच्या दोन प्रमुख बोलींपैकी मिशनने ग्रंथव्यवहारासाठी चुंगलीची निवड केली. चांगकी गावची बोली मात्र मोंगसेनला जवळची. म्हणजे घरची बोली एक व पुस्तकाची बोली दुसरी, ही अवस्था चांगकीच्या मुलाच्या वाट्याला पहिल्या इयत्तेपासूनच येत असे.

मराठवाड्याच्या वाचकाला हे चित्र सर्वस्वी अपरिचित वाटण्याचे कारण नाही. १८४३ मध्ये मुंबईस ख्रिस्ती धर्म स्वीकारलेले रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडच्या वतीने जालना हेच आपले कार्यक्षेत्र केले, आणि निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर जालन्याजवळ बेथेल ही वसाहत वसविली. त्या वसाहतीत मुख्यत्वे मांग समाजातील धर्मांतरित कुटुंबे राहिली. शेषाद्री १८९१ मध्ये निवर्तले. परंतु जालन्याचे स्कॉटिश मिशन, त्याची शाळा आणि त्याचे रुग्णालय या गोष्टी पुढे पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिल्या. इंपूर आणि बेथेल यांत धर्मपंथ, भूप्रदेश आणि समाजरचना यांचा भेद मोठा आहे. एका बाबतीत मात्र ती दोन्ही ठिकाणे समान होत. शाळामास्तर, धर्मोपदेशक आणि डॉक्टर ही तीन माणसे जेथे एका हाकेच्या अंतरावर राहत होती, अशी ती ठिकाणे होती. आणि त्या परिसरातील मुलाच्या मनात मोठेपणीच्या कर्तृत्वाची जी प्रतिमा उमटे ती या तिघांपैकी एखाद्याची असे.

हिंदुस्थानात फुटबॉलचा प्रसार प्रामुख्याने दोन मार्गांनी झाला : एक लष्करी छावणीचा आणि दुसरा शाळा-मिशनचा. जालन्यात हे दोन्ही मार्ग एकत्र आलेले होते, कारण एकोणिसाव्या शतकात ते एक महत्त्वाचे छावणीचे ठाणे होते. इंपूरला मात्र मिशनचाच मार्ग होता. आओ यांच्या खेळात छावणीचा बूट नव्हता, मिशनच्या पटांगणातले अनवाणी पाय होते, हे येथे लक्षात ठेवावयाचे आहे.

(३)

इंपूरची मिशन शाळा संपल्यावर आओ यांना पुढील शिक्षणासाठी डोंगर उतरून आसामच्या खोऱ्यात, जोरहाट येथील ख्रिश्चन हायस्कुलात जावे लागले. तेथे खेळाडू म्हणून त्यांचे नाव झाले. १९३५ मध्ये विषमज्वराने त्यांच्या वडिलांचा मृत्यू झाला. मृत्यूपूर्वी वडिलांनी, मुलाने डॉक्टर होऊन आपल्या लोकांची सेवा करावी, अशी इच्छा व्यक्त केली होती, असे त्यांच्या चरित्रविषयक सर्व कथनांत सांगितलेले असते. ही माहिती कुटुंबाच्या स्मृतीतून आलेली आहे, आणि स्मृतीतील मृत्युशय्येवरचे शब्द नेहमीच थोडे आखीवरेखीव होतात, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने ध्यानी घेतले पाहिजे. परंतु पुढील घटनाक्रम या स्मृतीशी सुसंगत आहे. विषमज्वर हा दूषित पाण्यातून व अन्नातून पसरणारा रोग. त्यावर प्रभावी ठरलेले क्लोरँफेनिकॉल हे औषध १९४० च्या दशकाच्या अखेरीस उपलब्ध झाले. १९३५ मध्ये रोग्याची शुश्रूषा करणे आणि वाट पाहणे यापलीकडे वैद्याच्या हाती फारसे काही नव्हते. ज्या मुलाने हे घरात पाहिले त्याला वैद्यकी हा प्रतिष्ठेचा व्यवसाय वाटण्याआधी निकडीचा वाटला असल्यास नवल नाही.

१९३७ मध्ये आओ गुवाहाटीच्या कॉटन कॉलेजात दाखल झाले. तेथे शिकत असता ते महाराणा क्लब या स्थानिक संघाकडून खेळू लागले, आणि आघाडीच्या फळीतून मागे येऊन बचावाच्या जागी स्थिरावले. १९४२ मध्ये त्यांना कलकत्त्याच्या कारमायकेल मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळाला. डॉ. राधागोविंद कर यांनी १८८६ मध्ये सुरू केलेल्या वैद्यकीय शाळेतून ही संस्था वाढली होती. १९४८ मध्ये तिला त्यांचेच नाव देण्यात आले.

कलकत्ताच का, हा प्रश्न येथे विचारण्यासारखा आहे. त्या काळी आसाम प्रांतात पदवीपर्यंतचे वैद्यकीय शिक्षण देणारे महाविद्यालयच नव्हते. दिब्रुगढ येथे बेरी व्हाइट या नावाची वैद्यकीय शाळा १९०० पासून होती. तिचे रूपांतर आसाम मेडिकल कॉलेजात झाले ते नोव्हेंबर १९४७ मध्ये. अर्थात नागा टेकड्यांतील मुलाला पदवीधर डॉक्टर व्हावयाचे तर प्रांत ओलांडणे भागच होते. जालन्याच्या मुलाची स्थितीही याहून निराळी नव्हती. मराठवाड्यात वैद्यकीय महाविद्यालय प्रथम निघाले ते १९५६ मध्ये, तेव्हाच्या औरंगाबाद येथे. तोपर्यंत येथील विद्यार्थ्याने हैदराबादला जावे, आणि उस्मानिया विद्यापीठाच्या धोरणानुसार वैद्यकाचा अभ्यास उर्दू माध्यमातून करावा, किंवा मुंबई-पुण्याची वाट धरावी, हेच पर्याय होते. खुद्द जालना शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू होण्यास २०२४ हे वर्ष उजाडावे लागले. इंपूर-जोरहाट-गुवाहाटी-कलकत्ता ही आओ यांची वाटचाल म्हणजे एका महत्त्वाकांक्षी तरुणाची भ्रमंती नव्हे; तत्कालीन शिक्षणव्यवस्थेने आखून दिलेला तो एकमेव रस्ता होता.

(४)

कलकत्त्यात आल्यानंतर १९४३ मध्ये आओ मोहनबागान संघात आले. या संघाने १९११ च्या जुलैत ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा पराभव करून आय.एफ.ए. शील्ड जिंकली होती. त्या अनवाणी विजयाची कथा बंगालच्या राष्ट्रीय स्मृतीचा भाग झाली होती. आओ संघात असतानाच्या काळात मोहनबागानने १९४३ व १९४४ मध्ये कलकत्ता लीग आणि १९४७ व १९४८ मध्ये शील्ड जिंकली. आओ यांची जागा बचावाची. उंच, बळकट, अंगावर येणाऱ्या आघाडीवाल्यास शांतपणे अडविणारा खेळाडू, अशी त्यांची ख्याती होती. यथावकाश ते संघाचे कर्णधार झाले.

हा काळ कलकत्त्याच्या इतिहासातील अत्यंत कठीण काळ होता. डिसेंबर १९४२ मध्ये नगरावर जपानी बाँब पडले. १९४३ मध्ये बंगालच्या दुष्काळाने खेड्यापाड्यांतील उपाशी माणसे नगराच्या रस्त्यांवर आणून सोडली. १९४४ च्या एप्रिल ते जून या महिन्यांत आओ यांच्या स्वतःच्या जिल्ह्यात कोहिमाची लढाई झाली आणि ते गाव जवळजवळ जमीनदोस्त झाले. १९४६ च्या ऑगस्टमध्ये कलकत्त्यात भीषण जातीय दंगल उसळली. या वर्षांत जो तरुण वैद्यकाचा विद्यार्थी होता, त्याला आजार, उपासमार आणि जखमा यांचे ज्ञान केवळ क्रमिक पुस्तकांवरून झाले असेल असे मानणे अवघड आहे.

येथे एक तपशील विशेष अर्थपूर्ण आहे. १९४२ मध्ये प्रवेश घेतलेल्या आओ यांना पदवी मिळाली ती १९५० मध्ये. या अभ्यासक्रमाला सामान्यतः लागणाऱ्या अवधीपेक्षा हा काळ बराच मोठा आहे. लीगचे सामने, शील्डचे सामने, परगावचे दौरे, आणि अखेरीस ऑलिंपिक व त्यानिमित्तचा परदेशप्रवास, यांमध्ये परीक्षेची वर्षे वाहून गेली, असा निष्कर्ष काढल्यास तो चुकीचा ठरू नये. प्रचलित कथन असे सांगते की वैद्यकीने फुटबॉलचा बळी घेतला. कालक्रम मात्र उलट दिशेने बोलतो : फुटबॉलनेच वैद्यकी कित्येक वर्षे लांबविली.

(५)

'त्याग' हा शब्द वापरावयाचा तर जे त्यागिले ते हाती असले पाहिजे. आओ यांच्या हाती नेमके काय होते? त्या काळी कलकत्त्याचा फुटबॉल हा अधिकृतपणे हौशी खेळ होता. लोकप्रियता अफाट होती, पण खेळ हे उपजीविकेचे साधन नव्हते. ज्या खेळाडूंना त्यावर पोट भरावयाचे असे त्यांना नोकरीची वाट धरावी लागे, आणि ती बहुधा पोलिस, रेल्वे वा एखादा कारखाना येथून जाई. निजामाच्या राज्यात, ज्यात मराठवाडा १९४८ पर्यंत समाविष्ट होता, हैदराबाद सिटी पोलिस हा संघ याचे ठळक उदाहरण होय. पेशाने शिक्षक असलेल्या सय्यद अब्दुल रहीम यांच्या मार्गदर्शनाखाली या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. त्या खेळाडूंना मैदानाने पोलिसाची नोकरी दिली, आणि त्यांचे उर्वरित आयुष्य त्या नोकरीने तारले.

महाराष्ट्राचा अनुभवही याच जातीचा आहे. १९४८ च्या ज्या पथकाचा ध्वज आओ यांनी वाहिला त्याच पथकात सातारा जिल्ह्यातील गोळेश्वरचे खाशाबा जाधव हे मल्ल होते. त्या वर्षी त्यांना सहावा क्रमांक मिळाला. १९५२ मध्ये हेलसिंकी येथे त्यांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक क्रीडाप्रकारात मिळालेले ते पहिले ऑलिंपिक पदक होते. त्या प्रवासाच्या खर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवले होते. पदकानंतर तीन वर्षांनी, १९५५ मध्ये, जाधव पोलिस दलात सब-इन्स्पेक्टर झाले; १९८४ मध्ये अपघाती निधन होईपर्यंत राष्ट्राने त्यांची फारशी दखल घेतली नाही, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. एकाच पथकातील या दोन पुरुषांची तुलना केली असता असे दिसते की, त्या पिढीच्या खेळाडूपुढे 'खेळ की व्यवसाय' असा प्रश्न नव्हताच. खेळ संपल्यावर कोणता व्यवसाय, एवढाच प्रश्न होता. आओ यांनी त्याचे उत्तर मैदानावर उतरण्यापूर्वीच ठरविलेले होते.

लंडनच्या आर्सेनल संघाने आओ यांना करारासाठी विचारले होते आणि त्यांनी ते नाकारले, असेही सांगण्यात येते. ही गोष्ट आख्यायिकेच्या स्वरूपातच प्रचलित आहे, म्हणून तिच्यावर अनुमानांचा भार टाकणे इष्ट नव्हे. मात्र ती खरी धरली तरी मूळ निष्कर्षात फरक पडत नाही. १९४८ मध्ये अंतिम परीक्षेच्या उंबरठ्यावर असलेल्या तीस वर्षांच्या विद्यार्थ्याने परदेशी संघातील अल्प मुदतीचा करार न स्वीकारणे हे असाधारण त्यागापेक्षा साध्या व्यवहारबुद्धीचेच लक्षण ठरेल.

या संदर्भात मराठीतील एक वाक्प्रचार तपासण्याजोगा आहे. वृत्तपत्रांच्या मराठीत खेळाडू खेळातून 'संन्यास' घेतो. आश्रमव्यवस्थेत संन्यास हा शेवटचा टप्पा. तो घेणारा संसार, कर्म व सर्व उपाधी मागे टाकतो. पस्तिशीच्या आतबाहेर मैदान सोडणाऱ्या माणसाला हा शब्द लावणे मुळातच विसंगत आहे. आओ यांच्या बाबतीत तर ती विसंगती फारच जाणवते. त्यांच्या आयुष्यात खेळाचे स्थान ब्रह्मचर्याश्रमाचे होते. गुरुगृही राहून विद्या मिळवीत असता केलेले ते शरीरसाधन होते. ते संपले तेव्हा गृहस्थाश्रम, म्हणजे खऱ्या अर्थाने कर्माचा काळ, सुरू झाला. भाषेत रूढ झालेला शब्द वस्तुस्थितीचा क्रमच उलटा करून टाकतो, आणि पुढे त्या शब्दावरून लिहिले जाणारे चरित्रही उलटे होते. हौशी युगातील खेळाडूंची चरित्रे व्यावसायिक युगाच्या शब्दकळेत लिहिली गेल्याने असे प्रमाद घडतात.

(६)

शब्दाने चरित्रावर कशी मात केली याचे दुसरे उदाहरण आओ यांच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या एका विनोदात आहे. तुमचे खेळाडू अनवाणी का खेळतात, असे इंग्रज पत्रकाराने विचारले असता, आम्ही खेळतो तो फुटबॉल, तुम्ही खेळता तो बूटबॉल, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले, असे म्हणतात. आद्य व्यंजन तेवढे बदलावयाचे, आणि दोन्ही ध्वनी ओष्ठ्य, म्हणजे उच्चारस्थानाने एकमेकांचे शेजारी; म्हणून इंग्रजीत ही कोटी सहज साधते. मराठीत आणल्यावर तिची धार जाते. मराठीत 'फुटबॉल' हा अखंड शब्द आहे. त्यातील 'फूट' म्हणजे पाय असे मराठी मनाला जाणवत नाही. बारा इंचांची फूट वा दोघांत पडलेली फूट एवढेच अर्थ त्याला परिचित. तरीही ही कोटी मराठीसह सर्व भारतीय भाषांत आवडीने सांगितली जाते. याचे कारण तिच्या ध्वनिचमत्कृतीत नाही. नुकत्याच गेलेल्या राज्यकर्त्याला त्याच्याच भाषेत, त्याच्याच खेळावरून दिलेले ते उत्तर आहे, हे तिच्या लोकप्रियतेचे कारण होय.

अनवाणी पायांची कथा येथेच थांबत नाही. १९५० च्या ब्राझीलमधील विश्वचषक स्पर्धेत भारत खेळला नाही, याचेही कारण अनवाणी खेळण्यास बंदी होते, असे वर्षानुवर्षे सांगितले गेले. अभ्यासकांनी ते पुढे ग्राह्य मानले नाही. प्रवास, सरावाचा अभाव आणि ऑलिंपिकलाच अधिक महत्त्व देणारी संघटनेची दृष्टी, ही कारणे अधिक सयुक्तिक वाटतात. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा १०–१ असा पराभव केल्यानंतर अनवाणी खेळ मागे पडला. एकच वस्तुस्थिती १९४८ मध्ये अभिमानाची, १९५० मध्ये सबबीची आणि १९५२ मध्ये लज्जेची ठरली. आओ यांच्याविषयी सामान्य वाचकाला जे ठाऊक असते ते या तीनपैकी पहिल्या वर्षापुरते आणि एका वाक्यापुरते असते. पुढील पंचवीस वर्षांच्या वैद्यकीय सेवेविषयी तशी एकही गोष्ट लोकांच्या तोंडी रुळली नाही.

(७)

आओ यांनी जो ध्वज वेंब्लीला वाहिला त्या ध्वजाशी त्यांच्या प्रदेशाचे नाते त्या दिवशी सरळ नव्हते. १९२९ मध्ये नागा क्लबने सायमन कमिशनला निवेदन देऊन नागांचे भवितव्य नागांवरच सोपवावे अशी मागणी केली होती. १४ ऑगस्ट १९४७ रोजी नागा नॅशनल कौन्सिलने स्वातंत्र्य घोषित केले होते. मराठवाड्याच्या वाचकाने या जागी क्षणभर आपल्या प्रदेशाची आठवण करावी. जुलै १९४८ मध्ये जालनाही भारतीय संघराज्यात सामील झालेले नव्हते. ते निजामाच्या अंमलाखाली होते. तेथे तिरंगा फडकविणे हा गुन्हा ठरत होता, आणि स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील चळवळीतले कार्यकर्ते तुरुंगात होते. १३ ते १७ सप्टेंबर या कारवाईने तो प्रश्न सुटला. नागा टेकड्यांतील प्रश्न तसा सुटला नाही. १९५६ मध्ये तेथे सशस्त्र संघर्ष पेटला. १९५८ मध्ये सैन्याला विशेष अधिकार देणारा कायदा झाला. १ डिसेंबर १९६३ रोजी नागालँड हे राज्य अस्तित्वात आले, तरीही शांतता आली नाही. १९७५ मध्ये शिलाँग येथे करार झाला आणि त्यावरूनही मतभेद राहिले.

डॉ. आओ यांचा सेवाकाल हा बरोबर याच वर्षांतला. १९५३ मध्ये ते कोहिमाच्या शासकीय रुग्णालयात रुजू झाले आणि संचालकपदापर्यंत चढत १९७८ मध्ये निवृत्त झाले. गावेच्या गावे हलविली जात असता, रस्ते बंद असता, शासकीय रुग्णालयातील डॉक्टर हा सरकारचा नोकर असतो, आणि त्याच्यापुढे येणारा रोगी मात्र कोणत्याही बाजूचा असू शकतो. ज्याने परराष्ट्रात भारताचा ध्वज वाहिला तो नागा मनुष्य अशा रुग्णालयात बसतो, या वस्तुस्थितीतील ताण ओळखण्यास फारशी कल्पकता लागत नाही.

आणखी एक बाजू भाषेची आहे. कोहिमा हे अंगामी लोकांचे क्षेत्र. आओ आणि अंगामी या भाषा परस्परांना मुळीच कळत नाहीत. तेथील निरनिराळ्या जमातींतील व्यवहार चालतो तो नागामीज या असमियावर आधारलेल्या संपर्कभाषेतून. घरी चांगकीची बोली, शाळेत चुंगली, जोरहाटला असमिया, महाविद्यालयात इंग्रजी, कलकत्त्यात बंगाली, आणि रोग्याशी बोलताना पुन्हा आणखी एक भाषा, असा ज्या माणसाचा भाषिक परिसर, त्याला रोगनिदानात 'कुठे दुखते' हा प्रश्न किती भाषांत विचारता आला पाहिजे याची जाणीव कोणी शिकवावी लागत नाही. मराठवाड्यात घरी मराठी, कचेरीत उर्दू आणि महाविद्यालयात इंग्रजी अशा अवस्थेतून गेलेल्या पिढीला याचा अर्थ चांगला कळेल.

(८)

जगाच्या फुटबॉलमध्ये डॉक्टर झालेले खेळाडू आणखीही आहेत. ब्राझीलच्या १९८२ च्या विश्वचषक संघाचे कर्णधार सॉक्रेटिस हे वैद्यकीय पदवीधर होते. अर्जेंटिनाचे कार्लोस बिलार्दो यांनीही खेळत असतानाच वैद्यकीय शिक्षण पुरे केले. पुढे ते फुटबॉलचे प्रशिक्षक झाले आणि त्यांच्या मार्गदर्शनाखाली अर्जेंटिनाने १९८६ चा विश्वचषक जिंकला. आपल्याकडे गोव्यात जन्मलेले डॉ. वेस पेस हे १९७२ च्या म्यूनिक ऑलिंपिकमधील कांस्यपदकविजेत्या हॉकी संघात होते, आणि डॉक्टर म्हणून त्यांनी क्रीडावैद्यक हेच क्षेत्र निवडले. या तिघांची नावे आओ यांच्याबरोबर घेतली जातात. परंतु तिघांनीही मैदानाशी या ना त्या रूपाने संबंध राखला. आओ यांची दिशा वेगळी. त्यांनी ज्या ठिकाणी आपले ज्ञान नेले तेथे त्यांच्या क्रीडाकीर्तीचा काडीचाही उपयोग नव्हता.

त्यांचा सन्मान झाला नाही असे नाही. कॉटन कॉलेजातील क्रीडागृहाला त्यांचे नाव आहे. मोहनबागानने त्यांना मरणोत्तर 'मोहनबागान रत्न' हा बहुमान दिला. जन्मशताब्दीच्या वर्षी, २०१८ मध्ये, भारतीय टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. पूर्वोत्तरेत त्यांच्या स्मरणार्थ फुटबॉल स्पर्धाही भरते. हे सर्व सन्मान खेळाडू आओ यांचे आहेत. वैद्य आओ यांची नोंद शासकीय अभिलेखांत आणि बऱ्या होऊन घरी गेलेल्या माणसांच्या आठवणींत राहिली, आणि या दोन्ही साधनांपर्यंत क्रीडेचा इतिहासकार सहसा पोचत नाही.

वरील विवेचनावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, आओ यांनी वैद्यकीसाठी फुटबॉल सोडला हे विधान कालक्रमाला धरून नाही. वैद्यकीचा संकल्प आधीचा, १९३५ चा; फुटबॉल हा त्या वाटेवर लागलेला, आनंदाचा आणि कीर्तीचा, पण वेळखाऊ मुक्काम. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. आओ यांच्या आयुष्यातील खरा निर्णय मैदान सोडण्याचा नव्हता; तो त्यांच्या वयाने आणि पदवीने आपोआप घडवून आणला असता. खरा निर्णय कलकत्ता सोडण्याचा होता. १९५० च्या सुमारास कलकत्त्याची पदवी आणि मोहनबागानच्या कर्णधाराचे नाव असलेल्या डॉक्टरला त्या नगरात रोग्यांची वाण पडली नसती. त्यांनी मात्र ज्या डोंगरातून शिक्षणासाठी उतरले होते त्याच डोंगरात परत जाण्याचे ठरविले, आणि तेथे पंचवीस वर्षे राहिले.

मागास म्हणवल्या जाणाऱ्या प्रदेशांच्या शिक्षणाचा इतिहास लिहिताना बाहेर गेलेल्यांची मोजदाद नेहमी केली जाते. परत आलेल्यांची क्वचितच होते. बेथेलच्या आणि जालन्याच्या शाळांतून, पुढे हैदराबाद, मुंबई आणि औरंगाबादच्या महाविद्यालयांतून किती जण डॉक्टर होऊन निघाले आणि त्यांपैकी किती जण आपल्या तालुक्यात परतले, हा प्रश्न मराठवाड्याच्या सामाजिक इतिहासाने अजून नीट हाती घेतलेला नाही. महाविद्यालयांचे पट, मिशनचे अहवाल आणि जिल्हा रुग्णालयांच्या नेमणुकांची दप्तरे एकत्र वाचल्याशिवाय त्याचे उत्तर मिळणार नाही. ते काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने आरंभी डॉ. तालिमेरेन आओ यांचे चरित्र वाचावे. परतीच्या प्रवासाला किती वर्षे लागतात आणि त्याची किंमत काय असते, याचा एक पूर्ण नमुना त्यात आहे.